पाठीवरचे चिंचोके

सन त्रेपन्न असेल. धारच्या मोटर-स्टँडवर सगुणाबाईंची वळकटी इंदूरच्या मोटरीच्या टपावर चढली होती. मोटर सुटायला अवकाश होता, म्हणून त्या बाकावर टेकल्या. शेजारी एक बाई नवऱ्याच्या पाठीवर एकेक चिंचोका मारत होती, मध्येच घंटी वाजवत होती आणि पाढेही विचारत होती.

"सतरा साते?"

"एकशे एकोणीस."

"घंटी किती वेळा वाजली?"

"पाच. ही इंदूरची मोटर धरून आज संध्याकाळी देवासला पोचलो, की लोक तोंडात बोटं घालतील बघ! अष्टावधान म्हणजे काय, ते कळेल त्यांना."

"अहो, पण आठही कामं खरंच एकदम करता? मला तरी खरं सांगा."

"एकदम कसलं! मन एका वेळी एकाच ठिकाणी असतं गं. आठ भांड्यांत एकच पळी भराभर फिरवायची."

"आणि एखादं भांडं करपलं तर?"

"माझं नाही करपत. मार चिंचोके!"

सगुणाबाईही श्वास रोखून मोजू लागल्या.

"सांगा, किती झाले?"

"एकतीस!"

"अगदी बरोब्बर!"

"एकतीसच हो!" सगुणाबाईंनी टाळीच वाजवली.

तेवढ्यात हमाल ओरडला, "अरे भिया, इंदौरवाली तो निकल गई! तीन बार भोंपू बजा! अब तो शाम को मिलेगी!"

"अगंबाई, माझी वळकटी!"

"अहो, देवासचा कार्यक्रम! तुम्हाला भोंगा ऐकू आला नाही?"

"आपल्या आठांत भोंगा कुठे होता?"