वायर धरलेला हात

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर, माझ्या मागे दोघं बोलत होती.

"काका, मघापासून ती वायर धरून का बसलायत?"

"सोडली की चार्जिंग तुटतं, पोरी. आत हिचं ऑपरेशन चाललंय. लेकीचा फोन यायचा आणि हा नेमका बंद पडायचा."

"बघू इकडे. अहो, भोकात केवढा कचरा! काय काम करता?"

"शिंपी आहे. फोन कायम कापडाच्या ढिगात."

"आधी बंद करा तो. पर्समध्ये लाकडी काडी आहे माझ्या. हळूच... हा बघा, धाग्यांचा बोळा!"

"अरेच्चा! आणि मी दोन वायरी बदलल्या, बिचाऱ्यांना नावं ठेवली."

"आता लावा."

"वा! काय मापात बसली. मी शिवलेलं झंपरसुद्धा इतकं बेतशीर बसत नाही. फार उपकार झाले गं तुझे."

"उपकार कसले? आता सोडा की हात."

"सोडला. पण आता या हाताचं करू काय? धरायला काहीतरी होतं, तोवर बरं चाललं होतं."

"मग माझा धरा, काका. माझी आई पण आतच आहे."