जुना ओळखणारा माणूस

अमेरिकेतल्या डुलुथच्या इस्पितळात स्मृतिभ्रंशाच्या संशोधनासाठी नावनोंदणी चालली होती. माझ्या समोरच दोन म्हातारे भाऊ मधली खुर्ची मोकळी सोडून बसले होते. धाकट्या लेनर्डच्या मांडीवर थोरल्याचा फॉर्म होता.

“नऊ वर्षांनी फोन केलास, अर्वो. मला वाटलं, गेलास.”

“यांना फॉर्म भरायला मला जुना ओळखणारा माणूस हवाय. बाकीचे सगळे मेले.”

“म्हणजे मी उरलो म्हणून?”

“बाबांना याच वयात सुरू झालं होतं, लेनर्ड. नीट भर.”

“बरं. ‘अलीकडे चिडचिड वाढली आहे का?’ नाही. लहानपणी होती तेवढीच आहे.”

“लिही तसं.”

“‘लोकांशी बोलणं कमी झालं आहे का?’”

“तू सोडून सगळ्यांशी बोलतो मी.”

“‘जुन्या घटना तपशिलासकट आठवतात का?’ सांग एखादी.”

“नऊ वर्षांपूर्वी, चौदा मार्च, शनिवार. गोठलेल्या तळ्यावरची माझी मासेमारीची झोपडी हलवायचं कबूल करून तू बिंगो खेळायला गेलास. बर्फ वितळला, झोपडी तळाशी. आत शेगडी, रेडिओ आणि माझे नवे बूट. सांगायला आलास तेव्हा डोक्यावर निळी टोपी होती, आणि वर हसत होतास.”

“निळीच होती रे! अर्वो, तुला काहीसुद्धा झालेलं नाही!”

“खरंच?”

“शपथ. बरं, रविवारी जेवायला ये. माणसांत राहिलं की धोका कमी होतो, असं इथंच छापलंय.”

“आत्ता काय लिहिलंस तू?”

“‘स्मरणशक्ती उत्तम.’”

“मग कसा येऊ?”