तालियाचं बारसं

मुलीचं नाव ठेवताय ना? मग माझं ऐका. माझ्या भाचीच्या बारशाला माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

दुष्काळाचं साल. भावानं चिकलठाण्याला नवा फ्लॅट घेतलेला, पाणी टँकरचं. वैजापूरहून आमचे वडील, अण्णा, आदल्या दिवशीच येऊन बसलेले. नातीला आपल्या आईचं नाव ठेवणार, असं ते धरूनच चालले होते. भावानं मात्र मोबाइलवर भलतंच शोधून ठेवलेलं, तालिया.

"ताई, अख्ख्या औरंगाबादेत कुणाचं नाय हे नाव!"

"अरे, पण आत्या मी. सांगणार मी. अण्णा माझ्यावरच भडकतील."

"तू फक्त सांग, बाकी मी बघतो."

बाकी बघणारा ऐन वेळी टँकरचा हॉर्न ऐकून पाइप घेऊन खाली पळाला. पाळण्यापाशी मी एकटी. बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांचे धपाटे पाठीवर घेतले आणि डोळे मिटून मोठ्यानं म्हटलं, "तालिया!"

अण्णांनी चष्मा काढला.

"कुठलं हे?"

"हिब्रू आहे, अण्णा. ज्यू लोकांची भाषा. म्हणजे... देवानं पाठवलेलं दव."

"दव?"

"व्हय."

अण्णांनी पाळण्यात बघितलं, मग खिडकीतून खालच्या टँकरकडं बघितलं.

"देवापर्यंत गेलाच होता," ते म्हणाले, "तर पाऊस का नाय मागितला?"