अंगणातला भराव

मी, वय ४३ वर्षे, व्यवसाय माती व पाणी तपासणी, राहणार भाजीबाजाराच्या मागची गल्ली, पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगते की, माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीच्या रक्तात शिसे असल्याचे आज सकाळी इस्पितळातल्या बालरोगतज्ज्ञांनी निश्चित केले. प्रमाण किती आहे ते त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले. बहिणीला सांगायचे काम माझ्यावर सोपवले, ते अजून झालेले नाही. भाचीचे वय पाच आहे.

बहिणीच्या गावाबाहेर जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याचा कारखाना होता. तो बंद पडून बरीच वर्षे झाली. तिथे घरे आणि दवाखाना बांधायचे ठरल्यावर, जागा राहण्याजोगी आहे का हे तपासायचे काम आमच्या कार्यालयाकडे आले. मी बहिणीकडेच उतरले. मेहुणे खोदकामाचे यंत्र चालवतात. हात लावतील ते सपाट करतात, म्हणून गावात त्यांना 'इस्त्री' म्हणतात.

मी पोचले तेव्हा अंगणात नवा भराव टाकून चोपलेला होता. पूर्वी तिथे पाणी साचायचे. अंगण छान झाले, असे मीच म्हणाले. मेहुणे म्हणाले, "ताई, तुम्ही पास केलंत, आता कसली काळजी." त्यावर आम्ही सगळे हसलो. भाची तेव्हा त्या मातीत खेळण्यातली भांडी मांडून बसली होती. तिचे पोट दुखते, ती जेवायला कुरकुर करते, असे बहीण बोलता बोलता म्हणाली होती. शाळा बुडवायचे ढोंग असेल, असे आम्हाला वाटले.

कारखान्याच्या आवारात मी ठरल्या जागांवरची माती तपासली. आमच्याकडे एक हातात धरायचे यंत्र असते. ते जमिनीला टेकवले की मातीत शिसे किती आहे त्याचा आकडा दिसतो. सगळीकडे आकडे कमी, दोन अंकीच आले. भट्टी होती तिथेही कमी आले. गावसमितीच्या अध्यक्षांनी विचारले म्हणून मी त्यांना तसे तोंडी सांगितले. ते खूश झाले. भट्टीजवळचा आकडा मला खटकत होता, म्हणून अहवाल मात्र पाठवला नाही.

त्याच दुपारी भाचीने यंत्र बघायचा हट्ट धरला. ते मुलांच्या हातात द्यायचे नसते. मी तिला पायरीवर बसवले आणि गंमत म्हणून यंत्र अंगणात टेकवले. तिला अंक नुकतेच वाचता येऊ लागले आहेत. ती एकेक करत चार अंक वाचून म्हणाली, "मावशी, आपण जिंकलो."

मी अंगणात आणखी तीन ठिकाणी यंत्र टेकवून पाहिले. बहीण कपडे वाळत घालत होती. तिने काय गं, असे विचारले. मी काही नाही म्हणाले आणि भाचीचे हातपाय धुतले.

मेहुणे घरी आल्यावर मी भराव कुठला, असे विचारले. त्यांनी काही लपवले नाही. तपासणीच्या आधी आवाराचा वरचा थर खरवडून न्यायला अध्यक्षांनी सांगितले होते. मेहुणे म्हणाले, "तुम्हाला स्वच्छ जागा हवी होती ना ताई? दिली की करून. वरची सगळी घाण काढली." ती घाण कुठे टाकली, असे मी विचारल्यावर म्हणाले, "टाकतोय कशाला? चांगली काळीभोर माती. मागेल त्याला दिली." पहिली खेप त्यांनी स्वतःच्या अंगणात टाकली. शाळेच्या मैदानावरही टाकली. बाकीच्या खेपा कोणाकोणाकडे गेल्या, असे विचारल्यावर ते म्हणाले, "मातीची कोणी पावती फाडतं का?"

मग मी आकडा सांगितला. ते उठून हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही भाचीला इस्पितळात नेले. मेहुणे तेव्हापासून अंगणात पाऊल ठेवत नाहीत, मागच्या दाराने ये-जा करतात. अध्यक्षांना मी फोन केला. आवारातून टोपलीभरही माती हललेली नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

माझी तक्रार अध्यक्ष आणि मेहुणे या दोघांविरुद्ध आहे. मेहुण्यांना त्यात घालायचे का, असे हवालदारांनी मला दोनदा विचारले. घाला, असे मी दोन्ही वेळा सांगितले.

हवालदारांनी हे सगळे मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तसेच उतरले आहे आणि ते खरे आहे. दार उघडे असल्यामुळे बाहेरच्या बाकावर बसलेल्या माझ्या बहिणीनेही ते ऐकले असावे. खेपा कुठे गेल्या ते नुसते बसून सांगता येणार नाही, गावातून फिरल्यावर आठवेल, असे मेहुणे म्हणतात. उद्या सकाळी पोलीस त्यांना घेऊन फिरणार आहेत. ते ज्या दाराकडे बोट करतील तिथे मी यंत्र टेकवणार आहे. शाळा उद्या बंद राहील. मैदानाला कुंपण नाही. इकडे येताना तिथे मुले खेळत होती.