भोंग्याच्या तोंडात घोंगडी

पिशोरच्या बसची वाट बघणाऱ्या प्रांजलीचे कान शेजारच्या बाकावर गेले. तिथं एक म्हातारा आणि त्याची थोरली बहीण बसली होती.

"कडूबा, गावातून फोन आला. वीजघरातून आज पाणी सोडणार हायेत, अन् तुझा अजिनाथ मेंढरं घेऊन नदीत उतरलाय."

"अफवा असंल, अक्का. पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजतो. वाजला का?"

"नाय वाजला म्हणं."

"मंग? तसा त्या भोंग्यावर माझा लई दिवसांचा संशय हाय. भोंगा वाजवून आपल्याला नदीतून हाकलायचं, अन् हिरवं गवत वीजघरातल्या सायबाच्या म्हशीला!"

"सायबाकडं म्हैस हाय?"

"दिसत नाय. लपवली असंल."

प्रांजलीनं ओढणीत हसू दाबलं.

"वर भोंग्यानं मेंढरं बिचकून रानोमाळ पळायची. म्हणून म्या परवा खांबावर चढून त्याच्या तोंडात घोंगडी कोंबली. तवापासून एकदा तरी पाणी आलं का?"

"अन् घोंगडी काढली कधी?"

"काढायची कशाला? आता कसा गप..."

कडूबा स्वतःच गप झाला. प्रांजलीचं हसू ओढणीतच विरलं.

"लाव फोन पोराला, कडूबा!"

"अजिनाथ, नदीतून वर ये! पाणी सुटतंय! ...काय?"

"काय म्हणतो?"

"भोंगा वाजल्याबिगर हलायचं नाय, आबा, असं तुम्हीच शिकवलं म्हणतो."

"मंग वाजव की!"

"अजिनाथ, फोनचा आवाज मोठा कर अन् मेंढरांकडं धर. भोंऽऽऽऽऽ!"

अख्खं बसस्टँड वळून बघू लागलं. कडूबा थांबला तो दम लागल्यावरच.

"पळाली, अक्का! मेंढरं वर पळाली!"

"अन् अजिनाथ?"

"त्यांच्या मागं. मला शिव्या देतोय."