आमच्या पाच जणांचं सॉफ्टवेअर

…आणि वर मलाच म्हणतात, ‘ताई, अगदी सोपं आहे!’ अहो, सोपं असतं तर ते शिकवायला तीन-तीन माणसांचे फोन कशाला आले असते? पाणी प्यायला कुणी शिकवणी लावतं का? नाही, बसा तुम्ही, सांगतेच तुम्हाला. कुणाला तरी सांगितलंच पाहिजे, कारण ऑफिसात तोंड उघडायची सोय राहिली नाही. का राहिली नाही, ते कळेलच.

तर आमचं ऑफिस. ऑफिस कसलं, पत्र्याची शेड! अर्ध्या भागात करवत, उरलेल्या अर्ध्यात माझं टेबल, आणि माझ्या टेबलावर अर्ध्या करवतीचा भुसा. आम्ही प्रदर्शनातले स्टॉल बनवतो. कंपन्या येतात, चार दिवस मांडून बसतात, पाचव्या दिवशी सगळं मोडायचं. माणसं किती, तर पाच. एक साहेब, वय वर्षं चौतीस, वडिलांनी धंदा हातात दिलाय आणि वडिलांपेक्षा वेगळं काहीतरी करून दाखवायची भारी हौस. एक डिझायनर मुलगी, तिला जगात फक्त रंग दिसतात. एक वायरमन, त्याला दिवा लागला की विषय संपला. एक दादा, आमचे सुतार, थोरल्या साहेबांच्या वेळेपासूनचे. आणि पाचवी मी. फोन, पत्रं, ट्रक कुठे अडकला, खिळे संपले का, साखर संपली का, कोण कुणावर रुसलंय… थोडक्यात, सॉफ्टवेअर येण्याआधी सॉफ्टवेअर मीच होते!

बरं चाललं होतं हो. मोबाइलवर एक ग्रुप होता. साहेब त्यावर मेसेज टाकायचे, आम्ही अंगठे टाकायचो, काम व्हायचं. मग झाला तो घोटाळा. एकाच वेळी दोन स्टॉल, एक गाद्यांच्या कंपनीचा, एक पाण्याच्या पंपांचा. आयोजकांनी ऐनवेळी हॉल बदलले, साहेबांनी ग्रुपवर टाकलं, चौघांचे चार अंगठे आले… आणि सकाळी जाऊन बघतो तर काय? पंपवाले ढगांच्या चित्राखाली उभे, वर हे मोठ्ठं लिहिलेलं, ‘पाठ टेकताच झोप!’ आणि तिकडे गादीवर एक म्हातारे गृहस्थ आडवे होऊन बघतायत, आणि त्यांच्या डोक्यावर काय? ‘एका दमात दोनशे फूट वर!’

साहेबांचं तोंड असं… नको, मी करून दाखवत नाही, माझी मान अवघडलीय. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना उभं केलं. ‘बास झालं हे अंगठे! आता सॉफ्टवेअर आणायचं. सगळी कामं त्यावर. ज्याला जमेल तो राहील, ज्याला जमणार नाही…’ आणि बघितलं कुणाकडे? दादांकडे. माल ट्रकवर चढवला होता दादांनी ना! दादांनी मान खाली घातली आणि उगाच एक गुळगुळीत फळी घासायला घेतली. ‘आणि निवडायचं कुणी, तर ताईंनी. पंधरा-पंधरा दिवस फुकट वापरायला देतात. बघा, सोपं असतं.’

सोपं असतं! अहो, बाजारात किती आहेत माहीत आहे का तुम्हाला? मला वाटलं असतील तीन-चार, दंतमंजनासारखी. शेकड्यांनी आहेत! सगळ्यांवर एक माणूस हसत बसलेला असतो. कामं आटोक्यात आली म्हणून इतकं हसू येत असेल, तर मला आयुष्यात ते एकदाही आलेलं नाही.

पहिलं निवडलं डिझायनरच्या पसंतीचं. ‘ताई, बघा ना किती गोड आहे!’ रंगीत चिठ्ठ्या. काम झालं की चिठ्ठी बोटाने धरायची आणि ‘झालं’च्या रकान्यात नेऊन सोडायची. सोमवारी वायरमनने फोन खिशात टाकला, खिशात फोन काय-काय करतो त्याचं त्यालाच माहीत… अकरा वाजता साहेब केबिनमधून नाचत बाहेर! ‘अरे, सगळ्या चिठ्ठ्या ‘झालं’मध्ये!’ आमची वर्षभराची कामं संपली हो! वायरमनच्या खिशात! त्या परत जागेवर लावायला मला गुरुवार उजाडला.

दुसरं साहेबांच्या आवडीचं. त्यात आडव्या पट्ट्या, उभ्या पट्ट्या, पट्टीतून बाण, बाणाला टोक. मी म्हटलं, हा स्टॉल बनवायचाय की रॉकेट? आणि त्यात एक यादी होती, ‘साधनसामग्री’. त्या यादीत साहेबांनी आम्हाला घातलं! वर दादा, दादांखाली ड्रिल मशीन, ड्रिलच्या खाली मी. मशीनला वर्षातून दोनदा तेल तरी घालतात. आणि मेल किती यावेत? एका दिवसात एकशे त्रेचाळीस! ‘तुमच्या कामात बदल झाला आहे.’ उघडून बघावं तर कुणीतरी स्वल्पविराम दिलेला!

तेवढ्यात ते विकणारे. त्यांच्यातला एक तर… आवाज कसा, मधात बुडवून काढलेला. ‘मॅऽडम, आपल्या टीमची सर्वात मोठी अडचण कोणती?’ मी म्हटलं, तुमचे फोन. तर म्हणतो, ‘खूप छान प्रश्न आहे, मॅडम!’ अरे, मी प्रश्न कुठे विचारला?

असो. मुद्द्यावर येते. दादांना शिकवायचं माझ्याकडे होतं. गेले मी शेडच्या त्या टोकाला, फोन दिला हातात, म्हटलं, दादा, अगदी सोपं आहे… बघा, मीसुद्धा म्हणायला लागले! म्हटलं, काम संपलं की ‘पूर्ण’ दाबायचं. दाबलं त्यांनी ‘रद्द’. म्हटलं, हे नाही हो, शेजारचं. परत ‘रद्द’. तिसऱ्यांदा ‘रद्द’. ‘ताई, चष्मा राहिला वाटतं घरी.’ चष्मा डोळ्यांवर! मी त्या चष्म्याकडे बघते, दादा माझ्याकडे बघतात… करवत बंद होती नेमकी.

मग हळूच म्हणाले, ‘आकडे येतात, ताई. सहा फूट तीन इंच म्हणा, डोळे मिटून कापून देतो. अक्षरं तेवढी राहिली.’

बत्तीस वर्षं, तुम्हाला सांगते! बत्तीस वर्षं एका छपराखाली, कोण कुणावर रुसलंय ते मला कळायचं आणि हे कळलं नाही! म्हटलं, अहो मग ग्रुपवर अंगठे कसे टाकायचात? तर म्हणतात, ‘बायको वाचून दाखवायची ना जेवताना. साहेबांचं सगळं वाचायची. तुमचे अंगठेसुद्धा वाचायची, ‘ताईंचा अंगठा आला’ म्हणून. पण चार महिने झाले, ती लेकीच्या बाळंतपणाला गेलीय. सगळ्यांनी टाकला की मीपण टाकतो.’ आता कळलं, गाद्यांवर दोनशे फूट पाणी कसं चढलं ते?

म्हटलं, साहेबांना सांगूया, समजून घेतील. तर एकदम हात धरला माझा. तो हात म्हणजे काय, सॅंडपेपर! ‘नको, ताई. हे पोर माझ्या खांद्यावर बसून इथे फिरलंय. त्याच्यासमोर नको.’

आता आली का पंचाईत? साहेबांना सांगायचं नाही, दादांना घालवायचं नाही, आणि सॉफ्टवेअर असं शोधायचं की ज्यात वाचावं लागत नाही! त्या दिवसापासून जो फोन येईल त्याला मी एकच विचारायची, बोलून सांगता येतं का? फोटो टाकता येतो का? मधवाला म्हणाला, ‘मॅऽडम, आमच्याकडे चौदा प्रकारचे अहवाल आहेत.’ म्हटलं, चौदा तुमच्याकडेच ठेवा, बोलता येतं का सांगा!

आणि मिळालं हो. एक करडं, ओबडधोबड, सरकारी फॉर्मसारखं. पण प्रत्येक कामावर फोटो लावायचा, माइक दाबून बोलायचं, आणि खाली तीन ठिपके. लाल, पिवळा, हिरवा. झालं काम. डिझायनर किंचाळली, ‘शी! ताई, हे किती कुरूप आहे!’ साहेब म्हणाले, ‘ह्यात पट्ट्याच नाहीत. आणि आपल्याला फोटो न् बोलणं कशाला हवंय? वाचता येतं की सगळ्यांना.’

सगळे माझ्याकडे बघतायत. दादा दारात उभे, हातात रंधा, चेहरा प्लायसारखा पांढरा. आणि माझ्या तोंडातून काय निघावं? ‘साहेब… मला दिसत नाही हो हल्ली.’

अहो, मला! आमचे हे म्हणतात, हिला पलीकडच्या इमारतीतल्या बाईच्या पिशवीत कोणती भाजी आहे ते दिसतं! पण बोलून गेले. साहेबांच्या डोळ्यांत टचकन पाणी. ‘ताई, आधी का नाही बोललात?’ तिथल्या तिथे करडं सॉफ्टवेअर पक्कं. दादा आत गेले, आणि आतून रंध्याचा असा सर्र सर्र आवाज यायला लागला, जणू अख्खं झाड सोलतायत.

म्हटलं, सुटलो. कुठले सुटतो! दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला स्वतःच्या गाडीतून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, ‘ह्या वयाला इतके चांगले डोळे मी बघितले नाहीत.’ साहेब बाहेर बसले होते म्हणून मी वाचले. बाहेर येऊन म्हटलं, हळूहळू होतं म्हणाले. झालं! डिझायनरने माझ्या कॉम्प्युटरवरची अक्षरं एवढी मोठी केली, एवढी मोठी, की ‘नमस्कार’ वाचायला दोनदा सरकवावं लागतं. वायरमनने टेबलावर असा दिवा बसवला की समोर बसणारा माणूस गुन्हा कबूल करेल. रस्ता ओलांडताना हात धरतात माझा! साखर कमी आहे म्हटलं, तर ‘ताई, डबा भरलेलाच आहे, तुम्हाला दिसत नसेल.’ आणि डबा रिकामा!

पण दादा… अहो, दादा सुटले! त्यांना बोलायला कुणी यंत्र दिलंच नव्हतं आजवर. ‘हं. दादा बोलतोय. डावी बाजू झाली. उजवी सुकतेय. साहेब, तुम्ही दिलेला प्लाय हलका आहे, तुमच्या वडिलांनी असला शेडमध्ये येऊ दिला नसता. हं. संपलं.’ आणि हिरवा ठिपका! साहेब प्लायचं ऐकून घेतात, वर सगळ्यांना ऐकवतात, ‘बघा, ह्या वयात दादांनी कसं उचललं! ताई, तुम्हीसुद्धा घाबरू नका हं. सोपं आहे!’ मी म्हणते, हो साहेब. आणि दादा छताकडे बघतात.

तर परवाचं प्रदर्शन. नवीन सॉफ्टवेअरवरचं पहिलं मोठं काम. सगळे ठिपके हिरवे! एक खिळा राहिला नाही, एक दिवा राहिला नाही, बोर्ड बरोबर, हॉल बरोबर. सकाळी सात वाजता पाचच्या पाच जण ट्रकसोबत दारात. आणि दार बंद. वॉचमन दात घासत आला. ‘प्रदर्शन? ते पुढच्या आठवड्यात गेलं की.’

साहेबांनी आयोजकांना फोन लावला, स्पीकरवर. तिकडून आवाज, ‘अहो, आम्ही नवीन सॉफ्टवेअर घेतलंय! तारखा, हॉल, सगळं त्यावरच टाकतो आता. तुमच्या ताईंना आमंत्रण पाठवलंय, सहा वेळा! त्यांनी स्वीकारलंच नाही!’

चार मुंड्या वळल्या माझ्याकडे. आणि खरं सांगते, पाहिली होती मी सहाच्या सहा! मला वाटलं, आणखी एक मधवाला. उडवून टाकली. सांगावं म्हणून तोंड उघडणार, एवढ्यात साहेबांनी फोनवर हात ठेवला आणि किती हळू आवाजात म्हणाले, ‘जाऊ दे रे, कुणी काही बोलू नका. दिसली नसतील त्यांना.’

दादांनी ट्रकमधून एक खुर्ची काढून दिली. बसले त्या बंद दाराशी, फोन काढला, सातवं आमंत्रण आलेलंच होतं, ते उघडलं. नाव टाकलं. पासवर्ड टाकला. तो म्हणाला कच्चा आहे, पक्का टाकला. मग विचारतं, तुमची भूमिका निवडा. मालक, व्यवस्थापक, सदस्य, पाहुणा.

तुम्हाला सांगते, एक क्षणही विचार केला नाही… ‘पाहुणा’ दाबलं आणि डोळे मिटून बसले.