साहेब यायच्या आत

भाचा : आणि हसायचं नाही हं, मावशी. पण अगदी तोंड पाडूनही बसू नकोस. मधलं काहीतरी.

मावशी : मधलं म्हणजे कसं? करून दाखव बघू.

भाचा : मंत्रीसाहेब विचारतील, कसं वाटतंय. तू म्हणायचं, उपचार चांगले चाललेत. बस्स. ते पुढच्या कॉटकडे जातील.

मावशी : पुढची कॉट रिकामी आहे. तिथली बाई सकाळपासून नवऱ्यासाठी रडत होती, म्हणून तिला उचलून दुसऱ्या वॉर्डात टाकली. मग आम्हा उरलेल्यांना नव्या चादरी आल्या. हेही उपचारातच धरायचं का?

नर्स : वरून सांगितलं होतं, काकू. आमच्या हातात काही नसतं.

मावशी : तुला नाही बोलत मी. तू रेल्वेचा अपघात झाल्यापासून पाठ टेकलेली नाहीस. मी या इस्त्रीवाल्याला बोलतेय. एवढी माणसं मेली, आणि याच्या शर्टाची घडी मोडली नाही.

भाचा : मी धावपळ नाही करत? ही खिडकीजवळची कॉट तुला कोणी मिळवून दिली? साहेबांना स्वतःला किती वाईट वाटलंय. दुर्दैवी घटना आहे म्हणाले.

मावशी : दैवाला कशाला मध्ये ओढता? रुळावर आधीच एक गाडी उभी होती. तिच्यावर आमची सोडली. ती काय दैवाने सोडली? माणसं बसली होती तिथे, पगार घेऊन.

भाचा : चौकशी होणार आहे.

मावशी : होऊ दे. शेवटी मेलेल्या ड्रायव्हरवर ढकला सगळं. तो काही उठून भांडायला येत नाही. बरं, ते जाऊ दे. तुझी आई कशी आहे?

भाचा : बरी आहे. सांगितलं ना, तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलात आहे.

मावशी : बोलते?

भाचा : थोडं थोडं. तुझीच चौकशी करत होती. ताई कशी आहे म्हणाली.

मावशी : ताई म्हणाली?

भाचा : हो.

मावशी : जन्मात तिने मला ताई म्हटलेलं नाही. माकडे म्हणायची. आमच्या शिलाईच्या दुकानात गिऱ्हाईक माप द्यायला उभं असलं तरी, माकडे, टेप दे. आज काय खाल्लं तिने?

भाचा : सूप घेतलं. स्वतःच्या हाताने.

नर्स : पुरे करा हो आता!

मावशी : थांब सिस्टर, बोलू दे त्याला. कोणत्या हाताने?

भाचा : मावशी...

मावशी : उजवा तर माझ्या हातात होता. डबा आडवा झाला तेव्हा ती सीटखाली गेली, मी वर अडकले. अंधारात तेवढा हातच बाहेर होता तिचा. आधी ती दाबायची, मी दाबायचे. मग मी एकटीच दाबत राहिले. गार पडला तरी धरून होते. बाहेर काढणाऱ्या पोरांना माझी बोटं एकेक करून सोडवावी लागली. आणि तू तिला सूप पाजतोस?

भाचा : तुला माहीत होतं?

मावशी : पहिल्यापासून. तुला लाज कधी वाटते, त्याची वाट बघत होते.

भाचा : डॉक्टर म्हणाले, धक्का बसेल तुला.

नर्स : डॉक्टर असं म्हणाले नाहीत. उलट सांगून टाका म्हणाले.

भाचा : मग काय करायचं मी? साहेबांसमोर तू शिव्या घातल्या असत्यास! तुझं तोंड मला माहीत नाही का?

मावशी : हां. आता खरं बोललास. कुठे आहे ती?

नर्स : इथेच, काकू. मागच्या इमारतीत. शवागारात.

मावशी : अजून? का रे?

भाचा : साहेब अंत्यविधीला स्वतः येणार म्हणाले. उद्या सकाळी वेळ आहे त्यांना.

मावशी : म्हणजे माझी बहीण त्यांच्या सवडीची वाट बघत पडलीय. शाबास! जिवंत होती तोवर तुझ्या पक्षाचे झेंडे शिवून डोळे गेले तिचे. मेल्यावरही कामाला लावलीस.

भाचा : असं बोलू नकोस. आई आहे माझी.

मावशी : तिला पाहिलंस?

भाचा : ओळख पटवायला शेजारचे काका गेले होते.

मावशी : मी तुझं विचारतेय.

भाचा : मला फोनवर फोन येत होते, इकडे साहेबांचा दौरा...

नर्स : दारापर्यंत आले होते, काकू. दोनदा. बाकावर बसले आणि परत गेले.

भाचा : सिस्टर, प्लीज.

मावशी : बोल की. आता का वाचा बसली?

भाचा : नाही जमत मला, मावशी. चेहरा कसा झाला असेल, तेच डोळ्यांसमोर येतं. फोन वाजत राहिला की बरं वाटतं.

मावशी : चेहऱ्याला काही झालेलं नाही. पोरांनी बॅटरी मारली तेव्हा पाहिला मी. झोपेत असायचा तसाच, तोंड जरासं उघडं. एवढ्याला घाबरलास? कसला पुढारी रे तू! सिस्टर, व्हीलचेअर आण.

नर्स : काकू, तुमच्या बरगड्या मोडल्यात. आणि साहेब इतक्यात येतील.

मावशी : पेशंट बाहेर गेलीय म्हणावं, चादर बघून जा.

(भाच्याचा फोन वाजतो.)

भाचा : हॅलो... हो, साहेब. नाही, म्हणजे... अंत्यविधी आजच आहे. आत्ताच निघतोय आम्ही. नाही, कोणाला पाठवू नका... बरं. ठेवतो.

मावशी : काय म्हणाला?

भाचा : उद्या दुसऱ्या कोणाचा अंत्यविधी आहे का, विचारत होते.

नर्स : ही घ्या खुर्ची. पाय सरळ ठेवा, काकू. मीही येते. कोणी अडवलं तर एक्स-रेला नेतोय सांगेन.

मावशी : ढकल रे. हळू. मिरवणूक नाही ही.

भाचा : मावशी, आत गेल्यावर काय करायचं असतं?

मावशी : काही नाही. तिच्याजवळ उभं राहायचं.